सशर्त निधी: विभाग म्हणतात "निधी वर्ग केला", पण अट पाळली का हे कसं तपासता?

प्रश्न | सातपुडा_लेखा

राम राम मंडळी. मी खान्देशातल्या एका जिल्हा परिषदेत वित्त विभागात सहायक लेखा अधिकारी आहे. यंदा एप्रिलपासून माझ्याकडे अटी घालून आलेल्या निधीचा पाठपुरावा दिलाय. वित्त आयोगाचा बंधित निधी (ठरावीक कामांवरच खर्चायचा), जलजीवन, स्वच्छ भारत, समग्र शिक्षा, आदिवासी उपयोजनेतली कामं, असं सगळंच. हिशेब ठेवायची सवय आहे. कॅशबुक आणि कोषागाराचा ताळमेळ मी बसवू शकते. पण अट पाळली गेली की नाही हे कुठल्या रजिस्टरात दिसतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

अडचण अशी. दर महिन्याच्या आढाव्याला विभागांकडून तक्ता येतो: प्राप्त, खर्च, शिल्लक, टक्केवारी. 'खर्च' रकान्यातला आकडा पुष्कळदा पंचायत समितीला किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्रणेला दिलेल्या रकमेचा असतो. काम सुरू झालं का, मोजमाप झालं का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, निधी वर्ग केलाय." तक्त्यात खर्च नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि गावात साधी आखणीही नाही, अशी कामं मी स्वतः पाहिली आहेत.

दुसरा प्रकार शीर्षकाचा. एका गावात बंधित निधीतून काँक्रीटचा रस्ता झाला. अंदाजपत्रकावर नाव 'सांडपाणी व्यवस्थापन'. रस्त्याच्या कडेला हातभर रुंदीची नाली आहे, ती पुढे जाऊन कुणाच्या तरी बांधाला संपते. पैसे खरंच खर्च झालेत, पावत्या आहेत, एमबी (मोजमाप पुस्तक) आहे, कुणी खिशात घातले असंही नाही. पण ज्या बायका त्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत उभ्या राहतात, त्यांच्या पाण्यासाठीचा तो पैसा होता. ती नस्ती (फाइल) माझ्या टेबलावर आली तेव्हा सगळ्या सह्या झालेल्या होत्या.

तिसरं म्हणजे यूसी. उपयोगिता प्रमाणपत्राचा मसुदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो. वरून फोन, खालून फोन, "आजच सही पाहिजे, नाहीतर पुढचा हप्ता अडकेल." हप्ता अडकावा असं मलाही वाटत नाही. पुढच्या हप्त्यात कुठल्यातरी पाड्यावरची पाण्याची टाकी असते, अंगणवाडीचं छप्पर असतं.

तर विचारायचं हे की तुम्ही निधीची अट पहिल्या दिवसापासून कशी पकडून ठेवता? खातेप्रमुख माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर आहेत, त्यांना लेखी विचारायचं तर कुठल्या आधारावर? मी स्वतः गावात जाऊन काम पाहणं माझ्या कामात बसतं का? ज्यांनी हे टेबल सांभाळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. शासन निर्णयांची यादी माझ्याकडे आहे. ते टेबलावर वापरायचे कसे, हे मला समजून घ्यायचंय.

उत्तर 1 | पाड्यावरचा_ग्रामसेवक

ताई, मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या बाजूला ग्रामपंचायत अधिकारी आहे (आधीचं नाव ग्रामसेवक, लोक अजून तेच म्हणतात). तुम्ही वरून बघताय, मी खालून सांगतो.

पैसा येतो तेव्हा तो कुठल्या अटीचा आहे हे आम्हाला नेहमी उशिरा कळतं. पंधराव्या वित्त आयोगात 2021-22 ते 2025-26 या काळासाठी 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित. बंधितातला अर्धा स्वच्छतेला, अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याच्या पुनर्वापराला. हे पाठ आहे. पण आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो त्या दिवशी लोकांच्या डोक्यात रस्ता असतो, सभामंडप असतो. ते चूक नाहीत, पावसाळ्यात पाड्यावर रुग्णवाहिका चढत नाही. मग आराखड्यात रस्ते भरतात, आणि हप्ता बंधितचा आला की रस्त्याला नाली जोडली जाते. तुम्ही सांगितलेल्या कामाची सुरुवात इथे होते. एमबी लिहीपर्यंत थांबून ते सापडत नाही. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायच्या आधी तालुक्याला एक दिवस लेखा शाखेचं माणूस बसवा आणि प्रत्येक कामासमोर बंधित की अबंधित हे तिथेच लिहून घ्या.

अजून एक सांगतो, हे तुमच्या रजिस्टरात सहज निसटेल. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये धरतात, आणि त्यातला 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून द्यायचा असतो. तीन हजार वस्तीचं गाव घ्या. 1,80,000 आणि 8,40,000, मिळून 10,20,000. त्यातले 3,06,000 वित्त आयोगाचे. काम एक, पैसे दोन खिशांतले. आता तोच शोषखड्डा स्वच्छ भारतच्या यूसीत पूर्ण किमतीने आणि वित्त आयोगाच्या अहवालातही पूर्ण किमतीने दाखवला गेला तर? दोन्ही तक्ते वेगवेगळ्या टेबलांवर जातात, कोणी शेजारी ठेवून बघत नाही. फोटोही एकच असतो.

आणि आमच्याकडे पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) 5 टक्के अबंध निधी थेट ग्रामसभेच्या कोषात येतो. तो ग्रामसभेच्या ठरावाने खर्च व्हायचा असतो. कृपा करून त्याला वित्त आयोगाच्या तक्त्यात बसवू नका. दोन्हीकडे 'अबंध' शब्द आहे म्हणून गल्लत होते आणि मग आम्हाला उगाच खुलासे द्यावे लागतात.

उत्तर 2 | पांझरेचा_नाना

ताई, तुझा प्रश्न वाचला आणि बरं वाटलं. मी लेखा संवर्गातच नोकरी केली, खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत, आणि लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. हे टेबल माझ्याकडे बराच काळ होतं. लांब लिहितोय, सावकाश वाच.

आधी तुझा आधार सांगतो, कारण तू तिथेच अडकली आहेस. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधला उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना काढ. राज्य शासनामार्फत होणाऱ्या खर्चासाठी 12-सी, इतर अनुदानित संस्थांसाठी 12-ए. त्यातला आकड्यांचा भाग सगळे भरतात. खालचा मजकूर वाच. सही करणारा तिथे म्हणतो की ज्या अटींवर अनुदान मंजूर झालं त्या पूर्ण झाल्याची किंवा होत असल्याची मी खात्री केली आहे, आणि पैसा त्याच कामावर गेला हे बघायला तपासण्या केल्या आहेत. म्हणजे अट तपासणं हे तुझं जादा काम नाही, सहीतच ते आलेलं आहे. खातेप्रमुखाला पत्र लिहिताना "मला शंका आहे" असं लिहू नकोस. "प्रमाणपत्रात नमूद तपासण्यांच्या नोंदीसाठी खालील कागद आवश्यक आहेत" असं लिही. साहेब कितीही वरचा असो, या वाक्याला रागावता येत नाही, कारण त्या प्रमाणपत्रावर शेवटी त्याचीही सही असते.

आता 'निधी वर्ग केला' याबद्दल. वर्ग केलेली रक्कम हा अग्रिम, म्हणजे आगाऊ दिलेला पैसा आहे, खर्च नाही. हे एकदा तक्त्यात घातलंस की अर्धं काम झालं. विभागाच्या तक्त्यात 'खर्च' हा एकच रकाना असतो, त्याचे तीन कर: यंत्रणेला दिलेली रक्कम, मोजमाप झालेल्या कामाची रक्कम, प्रत्यक्ष अदा केलेलं देयक. टक्केवारी फक्त तिसऱ्यावर काढायची. पहिल्या महिन्यात आढाव्याला गोंधळ होईल, कारण नव्वद टक्क्यांचे चाळीस होतील. होऊ दे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आदल्या दिवशी भेटून आकडा का उतरणार ते समजावून सांग, बैठकीत त्यांना धक्का बसता कामा नये. हे मी करायचो आणि त्याचा उपयोग व्हायचा. चांगला अधिकारी असेल तर तोच पुढच्या महिन्यापासून तुझा तक्ता मागतो.

केंद्र पुरस्कृत योजनांत हा घोळ पुष्कळ कमी झालाय, ते मान्य केलं पाहिजे. 1 जुलै 2021 पासून एकल नोडल एजन्सीची पद्धत आली. त्याआधी राज्य, जिल्हा, तालुका, प्रत्येकाचं बँक खातं आणि प्रत्येक खात्यात पैसा झोपलेला. त्या पद्धतीत राज्यात योजनेचं एक मुख्य खातं, खालच्यांना शून्य शिल्लक खातं आणि खर्चाची मर्यादा. देयक निघालं तरच पैसा हलतो. केंद्र एका वेळी वर्षाच्या रकमेच्या पाव हिश्शापेक्षा जास्त सोडत नाही, आणि पुढचं सोडायला आधीच्या पैशातले 75 टक्के खर्च झालेले लागतात. केंद्राचा वाटा राज्याने 30 दिवसांत त्या खात्यात टाकायचा, उशीर झाला तर एप्रिल 2023 पासून वर्षाला 7 टक्क्यांनी व्याज. वित्त आयोगाच्या अनुदानात तर मुदत अजून कमी, 10 कामाच्या दिवसांत ते स्थानिक संस्थांकडे पोचलं पाहिजे, नाहीतर राज्याला व्याजासकट द्यावं लागतं.

याचा तुझ्या टेबलाशी काय संबंध? एखादा तालुका मर्यादा घेऊन बसला आणि खर्चच केला नाही, तर तो नुसता आपलं नुकसान करत नाही. राज्याचा खर्चाचा टक्का त्यानेही खाली ओढला जातो आणि हप्ता सगळ्यांचा लांबतो. म्हणून न वापरलेली मर्यादा दर महिन्याला बघ. ती परत घेऊन, शेजारच्या तालुक्यात काम मोजून तयार असेल तर तिकडे द्यायला वरिष्ठांकडे टिपणी टाक. शिरपूरला देयक अडलंय आणि साक्रीला मर्यादा पडून आहे, असं होऊ देऊ नकोस. (तालुक्यांची नावं समजण्यापुरती घेतली, कुणी अंगावर ओढून घेऊ नये.)

राज्याच्या आणि जिल्हा नियोजनच्या पैशाचं मात्र अजून जुनंच आहे. जिल्हा परिषदेला तो निधी खर्चायला पुढच्या आर्थिक वर्षाच्या मार्चपर्यंत मुदत मिळते, आणि त्या दुसऱ्या वर्षातच सगळा घात होतो. पहिल्या वर्षी प्रशासकीय मान्यता द्यायला जानेवारी उजाडतो, दुसऱ्या वर्षी निविदा, मग आचारसंहिता, मग मार्च. मुदत संपली की अखर्चित रक्कम चलनाने शासनाला परत. म्हणून प्रत्येक निधीच्या पानावर सगळ्यात वर, लाल शाईने, तो निधी कोणत्या दिवशी मरतो ती तारीख लिही. मी लिहायचो. बाकी सगळं त्या तारखेपासून मागे मोजायचं: देयकाला किती दिवस, कामाला किती, निविदेला किती. मग कळतं की तांत्रिक मान्यता ऑगस्टपर्यंत झाली नाही तर काम होणारच नाही. तू त्या ऑगस्टमध्ये पत्र लिहायचं. फेब्रुवारीत लिहिलेल्या पत्राचा उपयोग फक्त तुझी कातडी वाचवायला होतो, गावाला नाही.

तुझ्या रस्त्याच्या नस्तीबद्दल. अट तपासायची जागा म्हणजे प्रशासकीय मान्यतेची टिपणी. तिथे वित्त विभागाचं मत घेतात ना? त्या मतात "निधी उपलब्ध आहे" एवढं एक वाक्य लिहून नस्ती पुढे ढकलायची पद्धत आहे. ते बंद कर. अंदाजपत्रक उघड, शीर्षक सोड, बाबी वाच. रस्त्याचं काँक्रीट किती घनमीटर, नालीचं किती, नालीचं पाणी शेवटी कुठे जातं, शोषखड्डा आहे का, आणि कुठल्या बाबीला किती पैसे. दहा रुपयांतले आठ रस्त्याला जात असतील तर ते स्वच्छतेचं काम नाही, आणि हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. तिथेच लिही: "बाब क्रमांक अमुक बंधित निधीच्या प्रयोजनात बसत नाही, अबंधितमधून प्रस्तावित करावी." लोकांना रस्ता हवा असेल तर अबंधितचा हिस्सा आहेच. त्यातून करता येतो, फक्त पगार आणि आस्थापनेवर तो खर्च चालत नाही.

गावात जाण्याचं विचारलंस. जा. जिल्हा परिषदेची लेखा संहिता 1968 ची आहे, ती नुसती कॅशबुकाची नाही, खर्चावर नियंत्रण ठेवणं हेही तिच्यात आहे. पण एकटी जाऊ नकोस आणि न सांगता जाऊ नकोस. मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडून फिरतीचा कार्यक्रम मंजूर करून घे, शाखा अभियंत्याला बरोबर घे, एमबीची झेरॉक्स हातात ठेव. गावात पोचलीस की सरपंचांना भेट, ते झालं की बायकांना विचार पाणी कधी येतं. पाण्याच्या कामाचा खरा अहवाल हापशावर मिळतो. परत आल्यावर त्याच दिवशी अर्ध्या पानाची टिपणी नस्तीत लाव, फोटोसह. पुढे स्थानिक निधी लेखापरीक्षा येवो की पंचायत राज समिती येवो, ते अर्धं पान तुझ्या बाजूने बोलतं.

मार्चच्या सहीचं एकच सांगतो. जेवढं मोजमाप आणि देयक, तेवढ्याच रकमेचं प्रमाणपत्र दे, बाकीचं शिल्लक म्हणून दाखव. अपुरं पण खरं प्रमाणपत्र देता येतं. पुष्कळांना वाटतं की पूर्ण रकमेचं दिलं तरच हप्ता येतो. तसं नाही. 75 टक्क्यांची अट असेल आणि खरा खर्च 78 असेल तर 78 चंच दे, हप्ता येतो. खरा खर्च 60 असेल तर तो फेब्रुवारीत वाढवायला हवा होता, आणि त्यासाठी तुझं ऑगस्टचं पत्र.

उत्तर 3 | जेई_पाणीपुरवठा

नानांचं बाकी सगळं पटलं, पण इंजिनिअरची बाजूही लिहितो, नाहीतर असं वाटेल की सगळं आमच्यापाशीच अडतं.

जलजीवनमध्ये त्रयस्थ तपासणी झाल्याशिवाय देयक निघत नाही. ती संस्था आमच्या हातात नसते. काम मोजून तयार, पण तपासणी यायला वेळ लागतो आणि लेखा शाखेच्या तक्त्यात मी शून्य खर्चाचा दिसतो. नानांनी तीन रकाने सांगितले, त्यात चौथा घाला: मोजमाप झालं पण तपासणी बाकी. म्हणजे पत्र योग्य माणसाला जाईल.

दुसरं, योजनेची खरी अट नळ बसवणं ही नाही. माणशी दिवसाला 55 लिटर पाणी, ठरल्या दर्जाचं, नियमित, ही आहे. पारोळा-अमळनेर पट्ट्यात मी जलवाहिनी टाकून, नळ लावून, शंभर टक्के काम दाखवू शकतो, आणि उद्भव (पाण्याचा मूळ स्रोत, म्हणजे विहीर वगैरे) एप्रिलमध्ये आटला तर नळाला पाणी नाही. एमबीत पाइप दिसतो, पाणी दिसत नाही. ताई, तुम्ही गावाला जाणार असाल तर ऑक्टोबरात जाऊ नका, मे महिन्यात या. तेव्हा विहिरीची पातळी बघा. उद्भव बळकट करायला बंधित निधी वापरता येतो, पावसाचं पाणी साठवणं त्यात आहेच. हे दोन निधी एकत्र बसवायला कोणी पुढाकार घेत नाही, कारण दोन टेबलं आहेत. तुमच्या एकाच टेबलावर दोन्ही आलेत, ही संधी आहे.

उत्तर 4 | अर्थशास्त्र_अमळनेर

मी महाविद्यालयात सार्वजनिक वित्त शिकवतो, कार्यालयीन अनुभव नाही. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर एका देशाने कायद्यातच लिहून ठेवलंय.

दक्षिण आफ्रिकेत नऊ प्रांत आहेत. त्यांचं स्वतःचं उत्पन्न फार थोडं, बहुतेक पैसा राष्ट्रीय सरकारकडून येतो. एक न्याय्य वाटा, तो बिनशर्त. दुसरी सशर्त अनुदानं: रस्ते, घरं, शाळांच्या इमारती, रुग्णालयं अशा कामांची. त्यांच्या राज्यघटनेच्या कलम 214 नुसार ही वाटणी संसदेच्या कायद्याने करावी लागते, म्हणून दरवर्षी महसूल विभागणीचा कायदा होतो. आणि प्रत्येक सशर्त अनुदानाचा स्वतंत्र आराखडा राजपत्रात छापला जातो. त्यात काय असतं बघा: अनुदान कशासाठी, त्यातून काय तयार व्हायला हवं, अटी कोणत्या, वाटपाचं सूत्र काय, हप्ते कधी, देणाऱ्या राष्ट्रीय विभागाची जबाबदारी कोणती आणि घेणाऱ्या प्रांतिक विभागाची कोणती. दोन्ही बाजूंची. आधी प्रांताची कार्ययोजना मंजूर, मग पैसा. नंतर पैशाचे आणि कामाचे नियमित अहवाल, वर्षाअखेरीस मूल्यमापन. अटी मोडल्या तर हप्ता रोखता येतो. न खर्चलेला पैसा राष्ट्रीय महसूल निधीत परत जातो, मात्र तो ठरावीक कामाला बांधलेला आहे हे प्रांताने दाखवलं तर पुढच्या वर्षी न्यायची परवानगी मिळू शकते.

तिथे सगळं सुरळीत चालतं असा माझा दावा नाही. तिथेही पैसा अखर्चित राहतो आणि लेखापरीक्षक ताशेरे मारतात. पण अट एका जागी, छापील, दोघांच्या जबाबदारीसह सापडते. आपल्याकडे तीच अट केंद्राच्या मार्गदर्शक सूचनेत एक, राज्याच्या शासन निर्णयात एक, मग स्पष्टीकरणाच्या पत्रात तिसरी, आणि कधी कधी नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर. गावातल्या माणसाने ती शोधायची कुठे?

माझी सूचना एवढीच. ताई, तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक निधीचं एक पानी अटपत्रक तयार करा. प्रयोजन, चालणारी कामं, न चालणारी कामं, राज्याचा आणि स्थानिक हिस्सा, हप्त्याची अट, मुदत, आणि खाली दोन नावं नव्हे तर दोन पदं: कोण देणार, कोण उत्तर देणार. ते मराठीत करा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावा. 'पाड्यावरचा ग्रामसेवक' म्हणतात तसं, ग्रामसभा आराखडा ठरवते त्या दिवशी हे पान लोकांच्या हातात असलं तर रस्त्याला नाली जोडायची वेळ येणार नाही.

प्रश्नकर्ती | सातपुडा_लेखा

सगळ्यांचे मनापासून आभार. नाना, तुमचं उत्तर मी छापून घेतलंय.

काल मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना चार रकान्यांचा तक्ता दाखवला (जेई साहेबांचा चौथा रकाना धरून). त्यांनी पुढच्या आढाव्यात तोच ठेवायला सांगितलं. अटपत्रकाला बंधित निधीपासून सुरुवात करतेय, आणि आराखड्याच्या आधी तालुक्याला बसायचं ठरलंय. स्वच्छ भारत आणि वित्त आयोगाचे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघितले. एकाच कामाचं नाव दोन्हीकडे असल्याची काही प्रकरणं दिसतायत. आधी ग्रामपंचायतींकडून हिश्शाची विभागणी मागवतेय, लगेच आक्षेप काढत नाही. कदाचित नुसती लिहिण्याची पद्धत चुकली असेल, आणि एखाद्या ग्रामसेवकाला विनाकारण खुलाशात अडकवायचं नाही.

एक राहिलं. काही जुन्या खात्यांत योजनेच्या पैशावरचं व्याज साठलेलं आहे. विभाग म्हणतो, "ते आमचं उत्पन्न, त्यातून स्टेशनरी आणि दुरुस्ती करतो." हे चालतं का?

उत्तर | पांझरेचा_नाना

नाही चालत, ताई. केंद्र पुरस्कृत योजनेच्या पैशावरचं व्याज हे योजनेचंच नसतं तर विभागाचं कुठून असणार? एकल खात्याच्या पद्धतीत ते केंद्र आणि राज्य यांच्या हिश्शाच्या प्रमाणात ज्याच्या त्याच्या एकत्रित निधीत जमा करायचं असतं. समग्र शिक्षेचं असेल तर 60:40, जलजीवनचं आपल्या राज्यात 50:50.

असं कर. त्या खात्यांची आधी पूर्ण यादी काढ, बँकेकडून शिल्लक प्रमाणपत्र लेखी माग, विभागाच्या पासबुकावर थांबू नकोस. मुद्दल आणि व्याज वेगळं कर. व्याजातून जो खर्च झालाय त्याची प्रमाणकं (व्हाउचर) माग आणि तो आकडा वेगळा दाखव. लपवायचं नाही, पण परत भरणा कसा करायचा हे मुख्य लेखा व वित्त अधिकारी ठरवतील, तू ठरवायचं नाही. उरलेल्या व्याजाची चलनं कर, लेखाशीर्ष दोनदा तपासून, आणि चलनाची प्रत यूसीच्या नस्तीत लाव. प्रमाणपत्रात व्याजाचा रकाना असतोच, बहुतेक जण तिथे 'निरंक' लिहितात. तुझ्या नस्तीत तिथे आकडा आणि चलन क्रमांक असू दे. खातं रिकामं झालं की ते बंद केल्याचं बँकेचं पत्र घ्यायला विसरू नकोस. खातं उघडं राहिलं तर दोन वर्षांनी कुणीतरी पुन्हा त्यातच पैसे टाकतं.